टायरखालचा गाळ

पुलाच्या तिसऱ्या खांबावर पाण्याची पातळी मोजायची पट्टी रंगवलेली आहे. सायकल घेऊन निघाले की मी सगळ्यात आधी तिथे थांबते. पाणी दोन मीटरच्या खाली असेल तर नदीकाठच्या राखीव क्षेत्रातला आतला ट्रॅक मोकळा. दोनच्या वर असेल तर नुसतं बांधावरून जायचं आणि तसंच परत यायचं. अडीचच्या वर गेलं की फाटकाला साखळी लागते. पाणी उतरलं की साखळी निघते, पण मी त्यानंतरही आठ-दहा दिवस आत जात नाही. हे दिवस मी माझ्यापुरते वाढवून घेतले आहेत. का, ते पुढे सांगते.

मी 22 वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नदीचं कार्य हा माझा आवडता धडा. फळ्यावर खडूने नागमोडी वळण काढायचं, वळणाची मान हळूहळू बारीक करत न्यायची, मग डस्टरने ती मान पुसून मधून सरळ रेघ ओढायची आणि बाजूला उरलेल्या तुकड्याला नाव द्यायचं, नालाकृती सरोवर. मुलं खूश व्हायची. मीही व्हायचे. पण एवढ्या वर्षांत मी स्वतः एकाही नालाकृती सरोवराच्या काठावर उभी राहिले नव्हते. पूरमैदान, पूरतट, गाळाचं संचयन हे शब्द मला पाठ होते, पण ती माती हाताला कशी लागते हे माहीत नव्हतं. ते कळलं भाच्याने जुनी ग्रॅव्हल बाइक माझ्या हवाली केली तेव्हा. माझी पन्नाशी उलटून गेली होती.

ज्यांनी ही सायकल पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. ग्रॅव्हल म्हणजे खडी, म्हणजे ही खडीच्या, कच्च्या वाटांची सायकल. हँडल रोड बाइकसारखं खाली वळलेलं, पण फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा फोर्क यांच्यात रुंद टायरला जागा. माझ्या चाकांवर 45 मिलिमीटरचे टायर आहेत, ट्यूबलेस, आत सीलंट, म्हणजे बारीक भोकं बुजवणारा द्रव. पुढे पेडलपाशी एकच दातेरी चकती, म्हणजे चेनरिंग, आणि मागे लहान-मोठ्या चकत्यांची मोठी कॅसेट. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर फक्त मागे, पुढे नाही, त्यामुळे चिखल अडकायला एक जागा कमी. डांबरावर ती जड वाटत नाही आणि कच्च्या वाटेवर हात बधिर होत नाहीत. बाकी कंपन्या, मॉडेलं, ग्रॅमचे हिशेब यात मला फारसा रस नाही.

हवेच्या दाबात मात्र आहे. बांधावरच्या ठोकलेल्या खडीवर मी 32 पीएसआय ठेवते. आतल्या वाटेला लागायच्या आधी थांबून पुढच्या चाकातली हवा सोडते, 25 पर्यंत, वाळू जास्त असेल तर आणखी थोडी. अंगठ्याने टायर दाबून पाहायचा. खडीसाठी तो पिकायला लागलेल्या पेरूसारखा हवा, वाळूसाठी पिकलेल्या पेरूसारखा. दाब जास्त असला की टायर वाळूत सुरीसारखा आत जातो आणि हँडल हातातून निसटायला बघतं. कमी असला की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा जातो. वाळूच्या पट्ट्यात ब्रेक लावायचा नाही, हँडल घट्ट आवळायचं नाही, अंग थोडं मागे घ्यायचं आणि पाय चालू ठेवायचे. हे शिकायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

आता आमच्या ट्रॅकविषयी. बांध उतरलात की पहिले दोन-अडीच किलोमीटर नदीच्या अगदी काठाने जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, नदीच्या इतक्या जवळ म्हणजे चिखल असणार. पण तिथली वाट कोरडी, घट्ट आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा हातभर उंच. त्याउलट नदीपासून लांब, आतल्या बाजूला, चाक रुततं. मी सायकलवरून उतरून दोन्हीकडची माती चिमटीत घेतली आणि तिथेच उभी राहून हसले, कारण हाच तर माझा धडा होता. फुगलेली नदी काठ ओलांडते तेव्हा तिचा वेग एकदम पडतो. वेग पडला की हातातलं ओझं टाकणं आलं. जड ते आधी पडतं, म्हणून वाळू काठालाच थांबते. एकेका पुराने वाळूचा एकेक थर चढत जातो आणि काठाला उंच पट्टी तयार होते. तो पूरतट. हलकी चिकणमाती पाण्याबरोबर लांब जाते आणि पाणी अगदी निवांत झालं की मागच्या खोलगट भागात बसते. म्हणजे नदीजवळची वाट कोरडी आणि नदीपासून लांबची चिखलाची. फळ्यावर हा आडवा छेद मी शंभरदा काढला असेल. पण सायकलने त्यावरून जायचं असेल तर काठाकाठाने जा, हे मी एकाही मुलाला सांगितलं नव्हतं, कारण मलाच ते सुचलं नव्हतं.

आता मी कान लावून सांगू शकते की टायरखाली काय आहे. दोन मिलिमीटरच्या वरचा दाणा म्हणजे खडा, तो टायरखाली करकरतो आणि कधी कधी बाजूला उडून फ्रेमच्या नळीवर टणकन आपटतो. त्याखालची वाळू एकसारखा सुस्कारा टाकल्यासारखी वाजते. त्याहून बारीक पोयटा, पिठासारखा, त्यावर टायरचा आवाजच जातो. चाक गादीवरून चालल्यासारखं होतं आणि मागे धूळ उठते. पोयट्याची वाट कोरडी असेल तर तिच्याइतकी सुखाची वाट नाही. आणि 0.002 मिलिमीटरच्या खालची ती चिकणमाती. तिचा आवाज आधी चपचप असा येतो, मग घरघर असा, आणि मग येतच नाही कारण चाक थांबलेलं असतं.

ती गोष्ट आता सांगते. दोन वर्षांपूर्वी पाणी उतरून पाच दिवस झाले होते. फाटक उघडं होतं. ऊन कडक होतं. भाचा म्हणाला, "मावशी, आतली वाट अजून ओली असेल, आज बांधावरूनच जाऊ." मी म्हटलं, "अरे, वरून बघ, भेगा पडायला लागल्यात." खरंच पडल्या होत्या. जुन्या नालाकृती सरोवराच्या टोकाला ट्रॅक एका खोलगट पट्ट्यातून जातो, साधारण तीनशे मीटर. सरोवर तुटून वेगळं झाल्यावर त्याच्या निवांत पाण्यात बारीक गाळ साचत जातो, आणि हा पट्टा त्याच गाळाचा. वरची साय सुकली होती. साय म्हणजे सायच, बोटभर जाडीची. तिच्याखाली माती ना पातळ ना कोरडी, नेमकी मळलेल्या कणकेसारखी. पातळ चिखल परवडला. तो उडतो, अंगावर येतो, पण चाकावरून गळून पडतो. अर्धवट सुकलेली चिकणमाती गळत नाही. ती टायरला चिकटते, त्या थराला पुढचा थर चिकटतो, त्यात गवताच्या काड्या मिसळतात, आणि वीस-पंचवीस मीटरांत टायर आणि फोर्कमधली सगळी जागा भरून जाते.

माझं पुढचं चाक जाम झालं. मी उतरले, काडीने उकरलं, पुन्हा निघाले. दहा मीटरवर मागचं चाक जाम झालं. तिथे मी चूक केली. उतरायच्या ऐवजी उभी राहून पेडलवर जोर दिला. चेनमध्ये एक काटकी गुंतली होती, ती डिरेलरमध्ये गेली, कडाक असा आवाज आला आणि डिरेलर वर फिरून चाकाच्या आऱ्यांत घुसला. हँगर तुटला होता. हँगर हा फ्रेम आणि डिरेलर यांच्यामधला मऊ धातूचा बोटाएवढा तुकडा. फ्रेमऐवजी तो तुटावा म्हणूनच तो असतो, त्यामुळे त्याने आपलं काम केलं होतं. जादा हँगर आमच्याजवळ नव्हता.

भाच्याने कुरकुर केली नाही. सायकल खांद्यावर घेऊन तो पूरतटाच्या कोरड्या पट्टीवर आला. मल्टीटूलमधल्या चेन तोडायच्या हत्याराने चेन उघडली, डिरेलर सोडवून दोरीने फ्रेमला बांधला, चेन आखूड करून पुढच्या चेनरिंगवरून थेट मागच्या एकाच चकतीवर घेतली आणि क्विक लिंकने, म्हणजे चेनच्या सुट्या जोडकडीने, जोडली. एकच गिअर. चेन सारखी शेजारच्या मोठ्या चकतीवर चढू पाहायची, तेव्हा थांबून ती हाताने खाली घ्यावी लागायची. सात किलोमीटर असे काढले. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत एक जादा हँगर, दोन क्विक लिंक आणि टायर खरवडायला लाकडी चमचा असतो. लाकडीच, कारण धातूने रिमचा रंग आणि टायरची बाजू खरवडते.

पण हँगरचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्या पट्ट्यात आमच्या चाकांच्या आणि बुटांच्या खाचा वाळून दगड झाल्या होत्या. त्यानंतर आलेल्यांनी त्या खाचा टाळायला कडेच्या गवतातून वाट काढली होती. वाट दुप्पट रुंद झाली होती. एका दुपारच्या माझ्या हट्टाने लव्हाळ्याचा एक पट्टा गेला. तेव्हापासून ते आठ-दहा दिवस. फाटक उघडं आहे म्हणजे जमीन तयार आहे असं नसतं. मी हल्ली पट्ट्याच्या अलीकडे उतरते, बुटाची टाच मातीत दाबते आणि फिरवते. टाच स्वच्छ वर आली तर पुढे. माती टाचेबरोबर आली तर परत. जगातल्या सगळ्यात मोठ्या ग्रॅव्हल शर्यतींपैकी एक, अमेरिकेतल्या कॅन्ससमधली अनबाउंड, तिथे 2023 साली सुरुवातीच्या टप्प्यातच अशाच चिकट चिखलात नावाजलेले सायकलपटू सायकली खांद्यावर घेऊन चालत होते. शर्यतीत त्यांना थांबता येत नाही. मला येतं.

पट्ट्याच्या पुढे ट्रॅक पुन्हा नदीला मिळतो, मोठ्या वळणाच्या आतल्या बाजूला. ही माझी सगळ्यात आवडती जागा. समोरचा काठ उभा, मातीची दरड, तिच्यात पाकोळ्यांची बिळं. अलीकडचा काठ सपाट, वाळू आणि गोट्यांचा, पाण्यात हळूहळू उतरत जाणारा. नदी बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठाला भर घालते, हे सगळ्यांना माहीत असतं. का, हे अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी 1926 साली एका छोट्या निबंधात चहाच्या कपावरून समजावलं होतं. चहा ढवळला की पत्ती बाहेर फेकली जाईल असं वाटतं, पण ती तळाला मधोमध गोळा होते. तळाशी घर्षणामुळे पाणी सावकाश फिरतं, म्हणून त्याला बाहेर ढकलणारा जोर कमी पडतो. वरचं पाणी बाहेर जातं, कडेने खाली उतरतं आणि तळावरून आत परततं, पत्तीला घेऊन. वळणावर नदी तेच करते. तळाचं पाणी वाळू आणि गोटे घेऊन आतल्या काठाकडे येतं. वर्गात मी हा प्रयोग काचेच्या ग्लासात करून दाखवायचे. आता त्या पत्तीच्या ढिगावरून सायकल चालवते.

त्या गोट्यांवरून मागच्या वर्षीपर्यंत मी सायकल पाण्याच्या कडेपर्यंत न्यायचे. पाटी आहे, विणीच्या हंगामात ट्रॅक सोडू नका. पण गोट्यांवर काय असणार, गवत नाही, झुडूप नाही, असं मला वाटायचं. एका सकाळी समोर एक चिमणीपेक्षा थोडा मोठा पक्षी आला, गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. कंठेरी चिखल्या. तो लंगडत चालला होता. एक पंख जमिनीवर ओढत, शेपटी पसरून, ओरडत. मला वाटलं जखमी आहे. मी सायकल आडवी ठेवून त्याच्यामागे चार पावलं गेले. तो आणखी पुढे लंगडला. मग मला आठवलं की हे नाटक असतं, पिल्लांपासून किंवा अंड्यांपासून शत्रूला लांब नेण्याचं. म्हणजे मी शत्रू होते, आणि अंडी माझ्या मागे कुठेतरी होती.

मी जागची हलले नाही. नजरेनेच एकेक गोटा तपासत मागे आले. टायरच्या खुणेपासून वीतभर अंतरावर खड्यांमध्ये एक उथळ खळगा होता, बशीपेक्षा लहान. त्यात चार अंडी. टोकं आत करून, फुलाच्या पाकळ्यांसारखी मांडलेली. राखी-पिवळसर, त्यावर बारीक तपकिरी ठिपके. आजूबाजूचे खडेही तसेच, राखी-पिवळसर, ठिपक्यांचे. मी एकदा नजर हटवली आणि पुन्हा पाहिलं तर दिसेनात. पुन्हा शोधावी लागली. एवढ्या जवळून मी टायर नेला होता. तीस पीएसआयचा, 45 मिलिमीटर रुंदीचा टायर.

मी आले त्याच रेघेवरून, टायरच्याच खुणेत पावलं टाकत, सायकल उचलून परत गेले. ट्रॅकवर पोचल्यावर दुर्बिणीतून पाहिलं. चार-पाच मिनिटांत चिखल्या आला, इकडेतिकडे धावला, थांबला, आणि अंग हलवत खळग्यात बसला. पंख धड होते.

ज्या खडीसाठी मी ही सायकल घेतली तीच खडी त्याचं घर आहे. मी तिथे चैनीसाठी जाते. त्याला दुसरी जागा नाही, कारण त्याला लागतो तो उघडा, ताजा, गवत न उगवलेला गोट्यांचा पट्टा फक्त पूर तयार करतो. दरवर्षी पाणी येऊन उगवलेलं सगळं धुऊन नेतं म्हणून ही जागा उघडी राहते. पूर थांबला तर दोन-तीन वर्षांत इथे झुडपं माजतील.

आणि पूर थांबवता येतो, हेच दुःख आहे. फ्लोरिडात किसिमी नावाची नदी आहे. तिची 166 किलोमीटरची वळणं 1962 ते 1971 या काळात खोदून 90 किलोमीटरचा सरळ कालवा केला. पुराचा त्रास मिटला, आणि हिवाळ्याला येणारी बदकं नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाली. मग 1999 पासून तोच कालवा काही भागात पुन्हा बुजवायला घेतला, नदीला तिची जुनी वळणं परत द्यायला. ते मुख्य काम संपायला 2021 उजाडलं. खोदायला नऊ वर्षं, भरायला बावीस. नेदरलँड्समध्ये 1995 च्या पुरात अडीच लाखांच्या आसपास माणसं घरं सोडून हलवावी लागली, त्यानंतर त्यांनी बांध उंच करत बसण्याऐवजी ठिकठिकाणी मागे घेतले. नाइमेगन शहरासमोर वाल नदीचा बांध 350 मीटर मागे सरकवला आणि नदीसाठी नवा फाटा खोदला. आमच्या राखीव क्षेत्रातही जुना बांध दोन जागी मुद्दाम फोडलेला आहे. त्या खिंडारांवर फळ्यांचा पूल आहे. पावसात त्या फळ्या साबणासारख्या होतात, तिथे उतरूनच जा. पण उन्हाळ्यात त्यावरून जाताना फळ्या एकापाठोपाठ एक खडखडतात आणि खालून पाणी आत-बाहेर करत असतं. आत येणाऱ्या पाण्यात मासे असतात, अंडी घालायला उथळ गवताळ जागा शोधत. राखी बगळा हे जाणून असतो. तो नेहमी त्याच खिंडाराच्या डाव्या हाताला उभा असतो.

त्या बगळ्याने मला आणखी एक गोष्ट शिकवली. मी पेडल मारत त्याच्यासमोरून गेले तर तो मानही वळवत नाही. पण पेडल थांबवले की मागच्या चाकाच्या मधला फ्रीहब टिकटिकायला लागतो आणि बगळा उडतो. म्हणून आता पाणथळीजवळ मी पाय हलके हलके फिरवत ठेवते. जोर न लावता, फक्त टिकटिक होऊ नये एवढंच. थांबायचं तर आधीच लांब थांबते. टिटवीच्या बाबतीत मात्र काहीच उपाय नाही. तिला कळतंच, आणि ती अख्ख्या कुरणाला सांगते.

आणि एक काम, जे मी परत आल्यावर न चुकता करते. टायरच्या खाचांतला, तळाच्या फ्रेमवरचा आणि बुटांच्या तळव्यांतला सगळा चिखल घासून काढते, साध्या पाण्याने धुते आणि सायकल पूर्ण सुकू देते. जोराचा फवारा मारत नाही, तो बेअरिंगमधलं ग्रीस काढतो. एकदा खाचांतला तो गाळ मी कुंडीत टाकला होता. तीन आठवड्यांत सहा वेगवेगळी रोपं उगवली. पुढच्या रविवारी मी दुसऱ्या नदीवर गेले असते तर ती सहाही तिकडे पोचली असती. नको तिथे पोचलेली एखादी पाणवनस्पती अख्खा तलाव झाकून टाकू शकते, हे मी शिकवलेलं आहे.

मागच्या आठवड्यात हंगामातली पहिली फेरी झाली. पट्टीवर पाणी एक मीटर चाळीस. टाच स्वच्छ वर आली. मोठ्या वळणाच्या पुढे ट्रॅक नदी ओलांडून पलीकडच्या काठावर जातो, त्याच उभ्या दरडीच्या माथ्यावर, आणि तिथे वाट संपलेली होती. अक्षरशः. टायरच्या जुन्या खुणा सरळ कड्याच्या टोकापर्यंत जात होत्या आणि पुढे हवा होती, खाली पाणी. गेल्या वर्षीचा दिशादर्शक खांब खाली गाळात तिरका रुतला होता. नवे खांब राखीव क्षेत्राच्या लोकांनी आतल्या बाजूला रोवले होते. जुन्या वाटेच्या रेषेपासून मी पावलं मोजली. अकरा. नदीने एका पावसाळ्यात अकरा पावलं जमीन घेतली आणि पलीकडे, माझ्या आवडत्या गोट्यांच्या काठाला, तेवढीच भर घातली. दुर्बिणीतून पाहिलं तर तो काठ पाण्यात चांगलाच पुढे आला होता. कोरा, एकही गवताचं पातं नसलेला.

भाचा म्हणाला, "मावशी, नवी वाट अजून बसलेली नाही, भुसभुशीत आहे."

मी पुढच्या चाकातली हवा सोडली. पिकलेल्या पेरूएवढी.